चेतापेशीचा स्वतःचा लगाम : एनपास-४ आणि मेंदूचे विकार

पेशीपुराण (मूळ लेख)

चेतापेशींविषयीचे बरेचसे लेखन विद्युत्‌संदेशापाशी थांबते. एका पेशीने दुसरीला संदेश दिला, दुसरी उत्तेजित झाली, तिने तो पुढे धाडला, एवढे सांगून झाले की विषय आटोपला असे वाटते. संदेश एक-दोन मिलिसेकंदांत ओसरतो हे खरे, पण उत्तेजित झालेल्या पेशीच्या केंद्रकात खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते कित्येक तास चालते. या धाग्यात त्याच कामाविषयी, आणि विशेषतः एनपास-४ नावाच्या एका प्रथिनाविषयी लिहिणार आहे.

प्रतिलेखन घटक, म्हणजेच ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, हे डीएनएच्या ठरावीक जागी चिकटून जवळच्या जनुकाची आरएनए प्रत काढणे सुरू करणारे किंवा थांबवणारे प्रथिन असते. चेतापेशीच्या उत्तेजनाशी संबंधित घटकांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. क्रेबसारखे काही घटक पेशीत आधीपासून तयार असतात. पेशीत कॅल्शियम शिरले की त्यांच्यावर फॉस्फेटचा एक गट बसतो (क्रेबच्या बाबतीत १३३ व्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर) आणि ते कामाला लागतात. दुसऱ्या प्रकारचे घटक शांत पेशीत जवळजवळ नसतातच. उत्तेजन आल्यावर त्यांच्या जनुकाची प्रत निघते, तिच्यापासून प्रथिन तयार होते, ते केंद्रकात जाऊन पुढच्या जनुकांना जागे करते आणि काही तासांत स्वतः नष्ट होते. त्यांची जनुके जागी होण्यासाठी आधी कोणतेही नवे प्रथिन बनावे लागत नाही, म्हणून त्यांना तात्काळ-प्रतिसादी जनुके म्हणतात.

यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सी-फॉस. १९८४ मध्ये मायकेल ग्रीनबर्ग आणि एडवर्ड झिफ यांनी दाखवले की वृद्धिघटक दिल्यावर काही मिनिटांतच पेशीत सी-फॉसच्या प्रती निघू लागतात. तो प्रयोग चेतापेशींवर नव्हता, संयोजी ऊतीतील साध्या पेशींवर होता. १९८७ मध्ये मॉर्गन आणि करन यांच्या गटाने उंदरांना रसायनाने झटके आणून मेंदूत सी-फॉस कुठे कुठे उमटते याचा नकाशा काढला आणि त्याच वर्षी हंट व सहकाऱ्यांनी त्वचेला दिलेल्या वेदनेचा ठसा मज्जारज्जूच्या पेशींत दाखवला. (जाता जाता : ‘फॉस’ हे नाव उंदरांत हाडांचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूवरून आले. ज्या जनुकाला आज स्मृतीची खूण म्हणून मिरवले जाते, त्याची पहिली ओळख कर्करोगाचे जनुक अशी होती.)

सी-फॉसची अडचण अशी की ते फार सहज जागे होते. वृद्धिघटक असो, संप्रेरक असो, इजा असो, ते उमटतेच, आणि ते शरीरातील कितीतरी प्रकारच्या पेशींत उमटते. एनपास-४ त्या मानाने फार चोखंदळ आहे. ते मुख्यतः चेतापेशींतच दिसते आणि पेशीचे विध्रुवीकरण होऊन (म्हणजे तिच्या पटलावरचा विद्युत्‌भार ओसरून ती उत्तेजित होऊन) कॅल्शियम आत शिरले तरच तयार होते. चेतापेशींवर नुसते वृद्धिघटक ओतले तर ते ढिम्म हलत नाही. कॅल्शियम शिरण्याची मुख्य दारे दोन : पेशीपटलावरील एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाला प्रतिसाद देणारे एनएमडीए ग्राहक (रिसेप्टर). तयार झाल्यावरही एनपास-४ एकटे काम करू शकत नाही. एआरएनटी-१ किंवा एआरएनटी-२ या जोडीदाराशी जुळल्यावरच ते डीएनएला धरते.

२००८ मध्ये यिंगशी लिन आणि ग्रीनबर्ग यांच्या गटाने हे प्रथिन नेमके काय करते ते दाखवले आणि ते उत्तर अनेकांना अनपेक्षित होते. उत्तेजनामुळे तयार होणारे प्रथिन उत्तेजनाच्याच जोडण्या बळकट करील असा सर्वसाधारण अंदाज असे. एनपास-४ मुळे मात्र त्या पेशीवर येणाऱ्या अवरोधक, म्हणजे गाबा हे रसायन सोडणाऱ्या, चेतासंधींची (दोन चेतापेशींमधल्या जोडण्यांची) संख्या वाढते आणि ते काढून घेतले की ती घटते. पेशी उत्तेजित झाली की स्वतःला आवरण्याची तजवीज स्वतःच करते, आणि त्या तजविजीची आज्ञा एनपास-४ च्या हातून सुटते. ज्या उंदरांत हे जनुकच नसते ते अतिचंचल असतात आणि त्यांना झटके येण्याची प्रवृत्ती असते.

पुढच्या संशोधनाने हे चित्र अधिक बारीक केले. २०१३ मध्ये ब्लडगुड आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागातील सीए-१ या विभागातल्या पिरॅमिडाकृती पेशींत पाहिले तेव्हा एनपास-४ मुळे पेशीच्या मुख्य देहावरचा अवरोध वाढतो, पण दूरच्या शाखिकांवरचा (संदेश घेणाऱ्या फांद्यांवरचा) अवरोध कमी होतो असे आढळले. याचा एक अर्थ असा लावता येतो की पेशी बाहेरून येणारी माहिती ऐकायला अधिक मोकळी होते, पण तिच्यावरून स्वतः संदेश सोडताना अधिक काटेकोर होते. देहावरच्या अवरोधासाठी बीडीएनएफ हे प्रथिन लागते आणि बीडीएनएफचे जनुक एनपास-४ च्या हुकमतीखाली असते.

आता आजारांविषयी. अवरोध कमी पडला की अपस्मार संभवतो, हा धागा सरळ आहे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटलेल्या भागाभोवतीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा येतो आणि एनपास-४ झपाट्याने वाढते. ते नसलेल्या उंदरांत पक्षाघातानंतर चेतापेशींचा ऱ्हास आणि दाह अधिक होतो. त्याआधी, २००९ मध्ये, हायडलबर्गच्या हिल्मर बाडिंग यांच्या गटाने चेतापेशीला मृत्यूपासून वाचवणाऱ्या, उत्तेजनाने जाग्या होणाऱ्या जनुकांची एक छोटी यादी प्रसिद्ध केली होती, तीतही एनपास-४ होते. मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग त्याहून अलीकडचा, २०२३ चा आहे आणि त्याचा संबंध डीएनएच्या तुटण्याशी आहे. त्यावर प्रतिसादांत लिहीन, कारण लेख आधीच लांबला आहे.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु दोन हरकती नोंदवतो. पहिली, ‘आजारात अमुक प्रथिन वाढले’ किंवा ‘कमी झाले’ या विधानातून कार्यकारणभाव निघत नाही. झटका आलेल्या मेंदूत उत्तेजनाने तयार होणारे प्रत्येक प्रथिन वाढणारच. घराला आग लागल्यावर तिथे अग्निशामक दल दिसते म्हणून आग त्यांनी लावली असे कोणी म्हणत नाही. दुसरी, तुम्ही दिलेला जवळजवळ सगळा पुरावा उंदरांचा आहे आणि शीर्षकात ‘मेंदूचे विकार’ असे लिहिल्यावर वाचक ते माणसाचे समजतो.

पेशीपुराण

@शंकेखोर, दुसरी हरकत मान्य. वर जिथे प्राण्याचा उल्लेख नाही तिथेही उंदीर किंवा उंदरांच्या पेशी असेच वाचावे.

पहिल्या हरकतीचे उत्तर मात्र देता येते. वाढ-घट मोजणे हा पुरावा दुबळा आहे हे खरे, म्हणून वर जनुक काढून टाकल्यावर काय घडते ते मुद्दाम लिहिले. त्याहून भक्कम पुरावा परतीच्या प्रयोगाचा असतो. २०११ मध्ये रामामूर्ती आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसच्या केवळ सीए-३ भागातून एनपास-४ काढले, तेव्हा उंदरांना जिथे विजेचा धक्का बसला ती जागा लक्षात राहीना. आणि जनुकरहित उंदरांच्या त्याच भागात ते परत दिल्यावर ती स्मृती पुन्हा घडू लागली. काढल्यावर जाते आणि दिल्यावर येते, इतके दाखवल्यावर अग्निशामक दलाची उपमा पुरत नाही. तुमचीच उपमा चालवायची तर दल वेळेवर आले नाही म्हणून घर जास्त जळाले, असे हे प्रयोग सांगतात.

जुनी_प्रयोगवही

काही वर्षे याच प्रकारचे काम हातांनी केले आहे, म्हणून दोन शब्द.

सी-फॉससाठी रंगवलेला हिप्पोकॅम्पसचा काप पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो प्रसंग अजून आठवतो. दंतुर वलयाच्या भागात पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की ती एक सलग फिकट कमान दिसते, आणि त्या कमानीत इथे एक, तिथे दोन असे गडद तपकिरी ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीचे केंद्रक. प्राण्याला नव्या पिंजऱ्यात तासभर फिरू दिले होते, आणि त्या हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशींनी त्याला उत्तर दिले होते. झटके आलेल्या प्राण्याचा काप शेजारी ठेवला तर तीच कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळीभोर झालेली असते. पहिल्या कापातील ठिपके मोजता येतात, दुसऱ्यातील मोजण्यात अर्थच उरत नाही.

परंतु या तंत्रात फसगतही फार होते. प्रथिन दिसायला साधारण एक ते दीड तास लागतो, त्यामुळे ऊतक कधी घेतले यावर सगळे अवलंबून असते. अर्ध्या तासाने घेतले तर आरएनए भरपूर आणि प्रथिन बेताचेच, आणि पाच-सहा तासांनी घेतले तर दोन्ही ओसरलेले. आमच्याकडे एकदा नियंत्रण गटाच्या उंदरांतही ठिपकेच ठिपके आले. महिनाभर रसायनांवर संशय घेतल्यावर उलगडा झाला की त्या प्राण्यांना प्रयोगाच्या दिवशीच पहिल्यांदा हातात धरले गेले होते. अनोळखी हाताने उचलणे हाही त्यांच्या मेंदूच्या दृष्टीने एक मोठा अनुभव असतो. त्यानंतर प्रयोगाच्या आधी आठवडाभर रोज त्यांना हाताळण्याचा नियम झाला.

ताटलीत वाढवलेल्या चेतापेशींवर तर आणखी एक गोष्ट करावी लागते. त्या आपापसांत बोलत असतात, त्यामुळे ‘शांत’ अवस्था मुद्दाम निर्माण करावी लागते : रात्रभर टेट्रोडोटॉक्सिन घालून त्यांचे विद्युत्‌संदेश बंद ठेवायचे, आणि सकाळी पोटॅशियम क्लोराइड वाढवून सगळ्यांचे एकदम विध्रुवीकरण करायचे. मेंदूत असे कधीच घडत नाही. म्हणून ताटलीतील निष्कर्ष जिवंत प्राण्यात तपासले आहेत की नाहीत हे आधी पाहावे, असे माझे मत झाले आहे.

सांजवात

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अपस्मार आहे, म्हणून शीर्षक पाहून धागा उघडला. दोन प्रश्न आहेत. या संशोधनाचा तिच्यासारख्या रुग्णांना आज काही उपयोग आहे का? आणि लेखाच्या शेवटी डीएनए तुटण्याविषयी जे अर्धवट सोडले आहे ते वाचून काळजी वाटली. मेंदू वापरल्याने डीएनए तुटतो, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?

पेशीपुराण

@सांजवात, अर्धवट सोडल्याबद्दल दिलगीर आहे.

होय, तुटतो, आणि ते निरोगी मेंदूतही घडते. २०१३ मध्ये लेनार्ट मुके यांच्या गटाने दाखवले की उंदराला नव्या जागेत हिंडू दिले, एवढ्यानेही त्याच्या चेतापेशींत डीएनएच्या दोन्ही धाग्यांचे तुकडे पडतात आणि बहुतेक तुटी एका दिवसात सांधल्या जातात. २०१५ मध्ये ली-हुई त्साय यांच्या गटाने त्यामागचे एक कारण दाखवले. सी-फॉस आणि एनपास-४ यांसारखी जनुके एरवी अशा रीतीने बांधलेली असतात की प्रत काढणारी यंत्रणा पुढे सरकू शकत नाही. टोपोआयसोमरेज दोन-बीटा नावाचे विकर (एन्झाइम) त्या जागी डीएनए कापते, ताण सुटतो आणि प्रत निघू लागते. म्हणजे ही तूट अपघाताने होत नाही, जनुक लवकर जागे व्हावे म्हणून पेशीने पत्करलेली ती जोखीम आहे.

चेतापेशी विभाजित होत नाही आणि तिला माणसाच्या आयुष्याइतके जगायचे असते, त्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा तोडणे आणि सांधणे हा तिच्यापुढचा खरोखरच कठीण प्रश्न आहे. २०२३ मध्ये एलिझाबेथ पोलिना, ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एनपास-४ हे एनयूए-४ नावाच्या अनेक प्रथिनांच्या समूहाशी जोडले जाते आणि उत्तेजनाने वारंवार तुटणाऱ्या जागांवर दुरुस्तीची यंत्रणा घेऊन येते. जो घटक जनुक जागे करतो तोच त्या जागेची डागडुजीही करवतो. हा समूह बिघडवला तेव्हा उंदरांत अवरोधावरचे नियंत्रण सुटले, डीएनएतील दोष साचले आणि प्राण्यांचे आयुर्मान घटले. याच समूहातील काही प्रथिनांच्या जनुकांतील दोष माणसांत मेंदूच्या विकासाच्या विकारांशी जोडले गेले आहेत. @शंकेखोर यांनी मागितलेला मानवी दुवा इतपत तरी आहे. तेव्हा मेंदू वापरण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मुके यांच्याच प्रयोगात अल्झायमरचे प्रारूप असलेल्या (म्हणजे त्या आजारासारखी स्थिती मुद्दाम घडवलेल्या) उंदरांत तुटी अधिक गंभीर आणि अधिक काळ टिकणाऱ्या होत्या, यावरून प्रश्न दुरुस्तीच्या बाजूचा दिसतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला निराश करील. एनपास-४ वर काम करणारे कोणतेही औषध आज अपस्मारासाठी दिले जात नाही. बहिणीची औषधे आणि मात्रा यांचा निर्णय तिच्या चेताविकारतज्ज्ञांचाच असावा; असा एखादा धागा वाचून औषधात काहीही बदल करू नये.

सांजवात

निराशा झाली नाही. स्पष्ट उत्तर मिळाले हे बरे झाले. औषधांत बदल करणार नाही.

उलटतपासणी

एनपास-४ वर बरेच लिहून झाले आहे, पण अल्झायमर आणि अपस्मार यांच्यातल्या दुव्याकडे धागा वळलाच आहे तर डेल्टा-फॉस-बी या घटकाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण तो एनपास-४ च्या नेमका उलट स्वभावाचा आहे.

फॉस-बी हे सी-फॉसचे भावंड. त्याच्या आरएनएची काटछाट वेगळ्या रीतीने झाली की प्रथिनाच्या शेवटची १०१ अमिनो आम्ले गळतात आणि जे उरते त्याला डेल्टा-फॉस-बी म्हणतात. प्रथिन लवकर नष्ट करण्याच्या खुणा त्या गळलेल्या टोकात असतात, त्यामुळे बाकीचे भाईबंद काही तासांत नाहीसे होतात आणि हे मात्र मेंदूत ठाण मांडून बसते. त्याचा अर्धायुकाल साधारण आठ दिवसांचा आहे. एरिक नेस्लर यांच्या गटाने व्यसनाधीनतेच्या संदर्भात त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. कोकेन एकदा दिल्याने ते फारसे साचत नाही, पण रोज दिल्यास मेंदूच्या बक्षीस-व्यवस्थेत ते चढत जाते.

जीनी चिन यांच्या गटाने २०१७ मध्ये हेच प्रथिन अल्झायमरचे प्रारूप असलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये साचलेले दाखवले. या उंदरांना अधूनमधून झटके येतात, पुष्कळदा बाहेरून काहीच न दिसणारे. प्रत्येक झटक्याने थोडे डेल्टा-फॉस-बी तयार होते आणि आधीचे संपण्याआधीच पुढचा झटका येतो. साचलेले हे प्रथिन सी-फॉसच्या जनुकाचे आवरण घट्ट करून ते दाबून टाकते. परिणामी एक विचित्र दृश्य दिसते : मेंदूत उत्तेजन जास्त आणि उत्तेजनाची खूण समजले जाणारे सी-फॉस मात्र कमी. @जुनी_प्रयोगवही यांनी वर्णन केलेले तपकिरी ठिपके मोजून कोणी ‘हा मेंदू शांत आहे’ असा निष्कर्ष काढला असता तर तो साफ चुकला असता.

माणसांत याचे काय? २०१७ मध्येच अल्झायमरच्या दोन रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसजवळ विद्युताग्रे ठेवली असता, डोक्यावरून घेतलेल्या आलेखात न दिसणारे झटके आढळले. उंदरांत लेव्हेटिरासिटाम या अपस्मारावरच्या औषधाने स्मृती सुधारल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे कीथ व्होसेल आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या ३४ रुग्णांना ते अल्प मात्रेत चार आठवडे दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सरसकट सुधारणा दिसली नाही, पण ज्यांच्या मेंदूत अपस्मारासारखी विद्युत्‌क्रिया आढळली होती त्यांच्यात काही कसोट्यांवर फरक पडला. संख्या लहान आहे, तरीही रुग्णांची अशी विभागणी करून पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

जुनी_प्रयोगवही

@उलटतपासणी, मुद्दा मान्य. म्हणूनच केवळ सी-फॉसवर विसंबलेले निबंध मी हल्ली जरा सावधपणे वाचते. २०२० मध्ये यिंगशी लिन यांच्या गटाने तर असे दाखवले की एकाच अनुभवातून सी-फॉसवर आधारलेला आणि एनपास-४ वर आधारलेला असे पेशींचे दोन वेगवेगळे समूह घडतात. पहिल्यामुळे प्राणी धक्का बसलेल्या जागेसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जागेलाही घाबरतो आणि दुसऱ्यामुळे तो त्या दोन जागांत फरक करतो.

शंकेखोर

दोन्ही प्रतिसादांमुळे माझी हरकत बरीच सौम्य झाली आहे. मग एक सरळ प्रश्न विचारतो. एनपास-४ लगाम पुरवते, दुरुस्ती करवते, पक्षाघातात पेशींचे रक्षण करते. तर बाहेरून ते वाढवणे हाच उपचार का होऊ नये? आजकाल विषाणूच्या वाहनातून जनुक मेंदूत पोहोचवता येते.

पेशीपुराण

पोहोचवता येते, पण कोणत्या पेशीत, हा प्रश्न उरतो. २०१४ मध्ये स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी एनपास-४ दोन प्रकारच्या पेशींत तपासले. उत्तेजक पेशीत ते त्या पेशीवर येणारा अवरोध वाढवते, हे आपण पाहिले. सोमॅटोस्टॅटिन हे रसायन बनवणाऱ्या अवरोधक पेशीत ते जागे करते ती जनुके बरीचशी वेगळी असतात, आणि तिथे त्या पेशीवर येणाऱ्या उत्तेजक जोडण्या वाढतात. अवरोधक पेशी अधिक उत्तेजित झाली की एकूण जाळे शांत होते, म्हणजे दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात. परंतु हे जमते कारण प्रत्येक पेशी आपापल्या उत्तेजनाच्या प्रमाणात आणि आपापल्या वेळी ते प्रथिन बनवते. बाहेरून दिलेले जनुक सगळ्या पेशींत सारखे आणि सतत चालू राहिले, तर काम न केलेल्या पेशीलाही लगाम बसेल.

दुसरी अडचण कॅल्शियमची. २००२ मध्ये हार्डिंगहॅम, फुकुनागा आणि बाडिंग यांनी दाखवले की चेतासंधीतल्या एनएमडीए ग्राहकांतून आलेले कॅल्शियम क्रेबला चालना देते आणि पेशीला जगवते, तर चेतासंधीबाहेरच्या एनएमडीए ग्राहकांतून आलेले कॅल्शियम क्रेबला बंद पाडते आणि पेशीला मृत्यूकडे नेते. पक्षाघातात ग्लुटामेट सगळीकडे सांडल्यामुळे दोन्ही दारे एकदम उघडतात. अशा वेळी केवळ एनपास-४ वाढवणे हे अर्ध्याच बाजूचे काम ठरेल.

म्हणून औषधाच्या दृष्टीने मला स्वतःला एनपास-४ पेक्षा त्याच्या हुकमतीखालची जनुके अधिक आशादायक वाटतात. बीडीएनएफ त्यांपैकी एक आहे, पण ते सर्वत्र पसरवले तर झटके वाढू शकतात असे प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात. तेव्हा पेशीच्या मुख्य देहावरच्या अवरोधापुरते मर्यादित असे एखादे जनुक सापडते का, ते पाहावे लागेल. हिप्पोकॅम्पसमध्ये त्या जोडण्या ज्यांच्याकडून येतात त्या कोलेसिस्टोकायनिन हे रसायन बनवणाऱ्या टोपलीपेशी (एक प्रकारच्या अवरोधक पेशी) आहेत, हे २०१८ मध्ये कळले आहे. पुढचा लेख त्या पेशींवर लिहितो आहे.